डाव्या बाजूचा गाणारा

ऐक नं वं पायल. मधात काही बोलू नको, तुहे मोमो थंडे झाले तं होऊ दे, फक्त ऐक. दोन हप्त्याआधी गुरुवारी, दुपारी साडेतीनच्या आसपास, सेक्टर टेनमध्ये भैय्याजी काकाच्या हॉलमध्ये मी हेडफोन घालून सोफ्यावर बसली होती अन् मी म्हटलं, "काका, गाणं बंद झालं." अन् ते बंद झालंच नव्हतं. बस, एवढंच झालं. काही फुटलं नाही, कोणी पडलं नाही, पंखा तसाच फिरून राहिला होता. काकानं माह्या डोक्यावरून हेडफोन काढला, आपल्या डोक्यावर घातला, डोळे मिटले अन् म्हणाले, "चालू तं आहे." मग डोळे उघडून त्याईनं माह्या डाव्या कानाकडे पाह्यलं. तोंडाकडे नाही, कानाकडे, जसं दुकानदार खराब निघालेल्या मालाकडे पाहते तसं.

थांब, असं नाही समजणार तुले, मी मागून सांगते. तुले माहीत आहे मी हर्षलच्या दुकानात बसते, इथंच, बँकेच्या मागच्या लाइनमध्ये. लोकाईच्या लग्नाच्या जुन्या कॅसेटी पेन ड्राइव्हवर टाकून देणं, हेच काम. तं हर्षल म्हणे, सेक्टर टेनमध्ये एक रिटायर साहेब आहे, स्टील प्लांटमध्ये मोठ्या पोस्टवर होते, बायको वारली, पोरगी बंगलोरले, अन् घरात रेकॉर्डच रेकॉर्ड. इंग्रजी, रॉक, साठ-सत्तर सालच्या. कलकत्त्याच्या सेकंडहँड दुकानातून गाडीत मांडीवर ठेवून आणलेल्या. ते रेकॉर्ड घराबाहेर देत नाही, तूच मशीन घेऊन जा. मशीन म्हंजे एक डबा. रेकॉर्ड प्लेअरमधून दोन वायरी निघते, लाल अन् पांढरी, त्या डब्यात खोचायच्या, पेन ड्राइव्ह लावायचा, बटन दाबायचं, लाल लाइट लागला की बसायचं. कॉम्प्युटर नाही, काही दिसत नाही, फक्त ऐकायचं. पहिल्या दिवशी त्या साहेबानं, भैय्याजी काकानं, विचारलं, "आडनाव काय?" मी म्हटलं, "मेश्राम." म्हणे, "हं. चरोदा?" म्हटलं, "हाव." म्हणे, "वडील रेल्वेत." हे त्याईनं विचारलं नाही, सांगतलं, चरोद्यात सगळे रेल्वेवालेच. मग चहा आला. दोघांचे कप सारखेच होते, मी पाह्यलं. मी नेहमी पाहते. अन् मग मी मशीन लावली.

आता हे मोनो-स्टिरिओचं ऐक, नाही तं पुढचं काही कळणार नाही. काकाकडे एक अल्बम आहे, पिवळ्या कव्हरचा, सदुसष्ट सालचा, इंग्लंडच्या कोण्या बँडचा. त्याच्या दोन कॉप्या. एकीवर कोपऱ्यात बारीक अक्षरात मोनो लिहिलं आहे, दुसरीवर स्टिरिओ. गाणे तेच, बँड तोच, पण मिक्स वेगळा, मोनोत दोन्हीकडून सारखंच येते, स्टिरिओत डावीकडून वेगळं अन् उजवीकडून वेगळं. काका म्हणे, त्या काळात लोकाईच्या घरी एकच स्पीकर राहे, म्हणून स्टुडिओवाले मोनोवर हप्ते-हप्ते बसत, बँडवाले स्वतः बाजूले उभे राहून सांगत, हे वर घ्या, ते खाली घ्या. अन् स्टिरिओ? ते एका दुपारी उरकून टाकत. कसं, तं ड्रम सगळे उजवीकडे ढकलून दिले, गाणारा पूर्णच्या पूर्ण डावीकडे. जसं ब्याहघरात बाया एका बाजूले अन् माणसं दुसऱ्या बाजूले बसवते. काकाचं म्हणणं, मोनो हाच असली. अन् त्याईची पोरगी प्रांजली म्हणते स्टिरिओ, मोनोमध्ये सगळं एकावर एक बसलेलं वाटते, श्वास घ्यायले जागा नाही. "वीस वर्षं झाली भांडतो आम्ही," काका म्हणाले. "तिची आई असताना तिघं मिळून भांडत होतो, आता फोनवर भांडतो. दोन्ही कॉप्या टाकून दे पेन ड्राइव्हवर. बाजूबाजूले ठेवून ऐकू दे तिले, मग बोलू दे." पायल, त्या घरात मी पाह्यलं, बाप-पोरगी दुसरं काही बोलतच नाही. तब्येत कशी आहे, जेवले का, काहीच नाही. फक्त तिसऱ्या गाण्यात दुसऱ्या कडव्याले खंजिरी कोणत्या बाजूनं येते. तेवढाच धागा राहिला होता त्याईच्यात.

तं पहिल्याच हप्त्यात काकानं मले दोन्ही हेडफोनवर ऐकवले. आधी मोनो, मग स्टिरिओ. म्हणे, "सांग. घाबरू नको, काय वाटलं ते सांग." मी म्हटलं, "काका, दुसऱ्यात गाणाराच गायब आहे." खरं सांगते, मले वाटलं स्टिरिओ म्हंजे असंच राहत असंल, काही गोष्टी काढून टाकलेलं. अन् काका एकदम उठून उभे राहिले. "गायब! हाच शब्द! वीस वर्षं मी शोधून राहिलो हा शब्द! गाणारा गायब करून टाकला लेकाच्याईनं!" तिथल्या तिथं प्रांजलीले फोन लावला. "एक पोरगी आली आहे चरोद्याची, तिनं पहिल्यांदा ऐकलं अन् पहिल्याच फटक्यात सांगतलं. कान आहे पोरीले, कान!" मी सोफ्यावर बसून ऐकून राहिली होती अन् खूप बरं वाटून राहिलं होतं, माह्याबद्दल असं कोणीच कधी म्हटलं नव्हतं. रेल्वेच्या ग्रुप डीचा रिझल्ट आला तेव्हाही घरचे म्हणाले, चला, लागली एकदाची. पण कान आहे, हे नाही. मग मी बिघडली. रात्रंदिवस तेच वाचू लागली, इंटरनेटवर ग्रुप आहेत असे, जगभरचे बुढे तिथं भांडत राहते, तिथं मी लांब-लांब लिहू लागली. मोनो म्हंजे पूर्ण, स्टिरिओ म्हंजे अर्धं. मोठ्या ऐटीत. कोणीतरी तिकडून लिहिलं, तुमचा कान दुर्मिळ आहे. मी त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवला.

पस्तीस रेकॉर्ड झाल्या. पेन ड्राइव्ह बंगलोरले गेला. अन् त्या गुरुवारी प्रांजलीचा फोन आला, काकानं स्पीकरवर टाकला. "बाबा, हे काय पाठवलं? लेफ्ट पूर्ण ब्लँक आहे. एका रेकॉर्डमध्ये नाही, सगळ्या! मोनोवालेही एकाच कानात वाजून राहिले. ऐकलं नाही का कोणी?" काका म्हणाले, "ऐकलं नं. हिनं एक-एक रेकॉर्ड पूर्ण ऐकली, माह्यासमोर." तिकडून प्रांजली म्हणे, "फिर कैसे ऐकलं?" अन् हसली. मी मशीन पाह्यली. पांढरी वायर आतून तुटलेली होती, वरून एकदम साबूत. पांढरी म्हंजे डावी. पहिल्या दिवसापासून तुटलेली असंल. काकाले वाटलं, मले कळलं नाही म्हंजे हेडफोनही बिघडला असंल, म्हणून त्याईनं पाठवण्याआधी आपल्या लॅपटॉपवर उतरवून ठेवलेली तीच कॉपी लावली, हेडफोन माह्या डोक्यावर घातला, म्हणे, "येऊन राहिलं?" म्हटलं, "येऊन राहिलं." मग म्हणे, "आता उलटा घाल." मी उलटा घातला, उजवा डावीकडे, डावा उजवीकडे. अन् मग मी ते म्हटलं, जे तुले आधीच सांगतलं.

काकानं दोन-तीनदा करून पाह्यलं. सुलटा, उलटा, सुलटा. मीही करून पाह्यलं, जसं कोणी स्विच चालू-बंद करून पाहते. काहीच नाही. उजवीकडे गाणं, उलटवलं की काहीच नाही. काका खुर्चीवर बसले. मले वाटलं विचारतील, कधीपासून, डॉक्टरले दाखवलं का. तं ते म्हणाले, "म्हंजे माह्या बाजूनं कोणीच नव्हतं." असं म्हणून खिडकीकडे पाहत बसले. फोन चालूच होता. प्रांजली तिकडून "हॅलो, हॅलो" करून राहिली होती. मी मशीन बॅगमध्ये भरली. मले राग नाही आला, वाईटही नाही वाटलं. मी एवढाच विचार करून राहिली होती की त्याईचं बरोबर आहे. मोनोची बाजू मी घेतलीच नव्हती. माह्याजवळ दुसरी बाजूच नव्हती.

स्कुटीवर बसली तं पहिल्यांदा मले वाटलं की रस्त्याले एकच बाजू आहे. सेक्टर टेनपासून चरोद्यापर्यंत मी किती वर्षांपासून गाडी चालवते, कधी काही झालं नाही. पण त्या दिवशी प्रत्येक हॉर्न ऐकला अन् प्रत्येक हॉर्न उजवीकडून आला. बस डावीकडून निघून गेली अन् तिचाही हॉर्न उजवीकडून. मी गाडी बाजूले घेतली, एका झाडाखाली उभी राहिली, अन् मग ते सगळं एका मागे एक येऊ लागलं, बोलावलं नाही तरी. गालगुंड. मी पाच वर्षांची होती, डावा गाल एवढा सुजला होता, आजीनं त्याच्यावर काहीतरी काळा लेप लावला होता, थंडा-थंडा, अन् मी आरशात पाहून हसून राहिली होती. नंतर सूज उतरली, सगळे म्हणाले बरी झाली. कोणाले कळंल? मलेच नाही कळलं. शाळेत मी नेहमी बेंचच्या डाव्या कोपऱ्यात बसायची, मॅडम म्हणत ही जागा तुह्या नावावर आहे का. फोन नेहमी उजव्या कानाले. अन् झोप. हे ऐक, हे सर्वांत मजेदार आहे. आमच्या क्वार्टरच्या मागं रेल्वेचं यार्ड आहे, चोवीस घंटे डब्बे एकमेकाले भिडतेत, धाड-धाड, पाहुणे आले तं झोपू शकत नाही. अन् मी उजव्या कुशीवर वळली की यार्ड बंद. एकदम बंद. मले वाटायचं झोप म्हंजे हेच. मले वाटायचं सगळ्याईचंच असं होते, कुशीवर वळलं की जग बंद होते, म्हणूनच तं माणसं कुशीवर झोपतेत. वीस वर्षं मी असं समजून राहिली होती, अन् कोणाले विचारायची गरजच नाही वाटली, कारण असं कोण विचारते? अन् तू. तू किती वेळा म्हटलं, मित्रा घमंडी आहे, रस्त्यानं आवाज दिला तरी पाहत नाही. मी पाहत होती वं. दुसरीकडे पाहत होती.

घरी आली तं प्रफुल अंगणात मोबाइल पाहत बसला होता. म्हटलं, "उठ, माह्या मागं ये. मी डोळे मिटते, तू कुठूनही टाळी वाजव, मी बोट दाखवते." म्हणे, "काय दीदी, या उमरमध्ये आंधळी कोशिंबीर?" म्हटलं, "वाजव नं बे." त्यानं वाजवली. मी दाखवलं. तो हसला. परत वाजवली. परत हसला. दहा-बाराव्या टाळीले तो हसायचा थांबला, अन् म्हणाला, "दीदी, तू जानबूझकर करून राहिली का?" मी डोळे उघडले तं पप्पा दारात उभे होते. ड्युटीवरून आले होते, हातात हिरवी-लाल झेंडी गुंडाळलेली, बूट काढायचे राहिले होते. त्याईनं सगळं पाह्यलं होतं. माह्या डाव्या बाजूले येऊन हळूच काहीतरी म्हणाले. मले नाही समजलं काय. मग उजव्या बाजूले आले अन् म्हणाले, "मेडिकल कधी आहे?" म्हटलं, "पंधरा दिवसांनी."

आता तुले सांगते कावून हे एवढं मोठं आहे. माही पोस्ट पॉइंट्समनची आहे. मॅन लिहिते पण पोरीही लागतेत आता. काम काय, तं यार्डात उभं राहून डब्बे जोडणं, सोडणं, रुळाचे सांधे बदलणं, झेंडी दाखवणं. पप्पा पस्तीस वर्षांपासून हेच करून राहिले. अन् पप्पाची एकच शिकवण, लहानपणापासून, जेवताना, प्रत्येक पाहुण्याले, की बाबू, इंजिनले भ्यायचं नाही. इंजिन आवाज करत येते. भ्यायचं सुटलेल्या डब्ब्याले. ढकलून दिलेला डब्बा एकटाच येते, इंजिन नाही, माणूस नाही, फक्त चाकाची बारीक किरकिर. अन् वीस लाइनी बाजूबाजूले. तुह्या कामात वाकलेली तू, डोळ्यासमोर एकच कपलिंग, डब्बे जोडायची कडी. ती किरकिर कोणत्या लाइनवर आहे, हे कानानं कळलं पाहिजे. इकडची का तिकडची. कळलं तं तू एक पाऊल बाजूले होशील. नाही कळलं तं एक पाऊल बाजूलेच होशील, पण कोणत्या बाजूले? हे ते नेहमी असं विचारून थांबतेत अन् पाहुणे पोहे खायचे थांबतेत.

अन् दुसरी गोष्ट क्वार्टर. पप्पा या महिन्याच्या शेवटी रिटायर होऊन राहिले. मग काही महिन्यांत क्वार्टर खाली करा. पण पोरगं-पोरगी रेल्वेत लागलेली असली अन् त्याच घरात राहत असली तं तेच क्वार्टर तिच्या नावावर होऊ शकते. आजी या क्वार्टरात चौतीस वर्षांपासून आहे. कोपऱ्यावरचं विहार तिनं अन् आठ-दहा बायाईनं मिळून उभं केलं, विटा डोक्यावरून आणल्या, तिथं ती दर इतवारी वंदना घेते, आमची भीमाबाई आजी आल्याशिवाय सुरूच नाही होत. गावी काही नाही आमचं, भंडाऱ्याच्या बाजूले एक भिंत आहे फक्त, तीही पप्पाच्या भावाची. तं माह्या कानावर, समजलं का, माह्या एका कानावर पूर्ण क्वार्टर उभं होतं. अन् मले काय वाटून राहिलं होतं सांगू? काहीच नाही. मी जसं दुसऱ्याचं पाहत होती. जसं खिडकीतून समोरच्या क्वार्टरातलं भांडण दिसते, तोंडं हालतेत, आवाज येत नाही.

इतवारी विहारातून आलो. वंदना झाली होती, पंचशील झालं होतं, पप्पा सगळ्यात समोर बसले होते पांढऱ्या कपड्यात. घरी आल्या-आल्या त्याईनं दार लावलं. म्हणे, "मित्रा, इकडे उभी राहा. भिंतीकडे तोंड कर." मग म्हणे, "डॉक्टर आधी एक कान बंद करायले लावते, मागं उभा राहून हळू आवाजात आकडे बोलते. मग दुसरा. डावा बंद करायले सांगतलं तं पूर्ण दाब, बिनधास्त. उजवा बंद करायले सांगतलं तं हे पाहा, असं." अन् त्याईनं स्वतःच्या कानावर करून दाखवलं. बोट आत नाही, वरच्या त्या नरम हाडावर ठेवायचं, नख पांढरं झालं पाहिजे, मनगट कडक दिसलं पाहिजे, कोपर वर, म्हंजे मागून पाहणाऱ्याले वाटंल की जीव लावून दाबलं आहे. "अन् आत हवा जायले जागा ठेव. ढिलं. एवढंच. ढिलं." मी केलं. पप्पा मागून पुटपुटले, "एकोणपन्नास." म्हटलं, "एकोणपन्नास." "तेवीस." "तेवीस." प्रफुल पलंगावरून म्हणे, "वा दीदी, फुल मार्क." आजी तांदूळ निवडून राहिली होती. ती म्हणे, "धम्मपाल, हे का शिकवून राहिला तू पोरीले?" पप्पा म्हणाले, "परीक्षेची तयारी आहे, माय." आजी म्हणे, "आत्ता विहारात चौथं शील कोन म्हनलं, तुह्या बापानं? खोटं बोलनार नाही म्हनून?" पप्पा म्हणाले, "हे बोलणं कुठं आहे, माय. हे बोट आहे." आजीनं तांदळातला खडा काढला, खिडकीतून फेकला, अन् मग तीच म्हणाली, "पोरी, कोपर आणखी वर घे. खाली पडून राहिलं."

पायल, मी पप्पाले असं कधीच पाह्यलं नव्हतं. तो माणूस दुसऱ्याच्या झेंडीची काठी वाकडी असली तरी टोकते. त्याईनं मले सांगतलं, "तू यार्डात उतरशीलच नाही. यार्डातल्या साहेबाले, आनंदले, सांगून ठेवलं मी, तो तुले कॅबिनवर लावून घेईल, फोन उचलायचा, रजिस्टर भरायचं." म्हटलं, "अन् आनंद काका बदलून गेले तं?" म्हणे, "मग पाहू." पाहू! पस्तीस वर्षांत पप्पानं यार्डाच्या बाबतीत 'मग पाहू' म्हटलेलं मी ऐकलं नाही. ते हे शब्द म्हणताना माह्याकडे पाहत नव्हते, बुटाची लेस बांधून राहिले होते, अन् लेस आधीच बांधलेली होती. रोज ड्युटीवरून आले की तयारी. बारा दिवस. मी इतकी हुशार झाली की प्रफुल अगदी नाक लावून पाहे तरी त्याले वाटे बोट पूर्ण दाबलं आहे. इकडे भैय्याजी काकाचाही फोन आला एकदा. म्हणे, रेकॉर्ड पुन्हा पेन ड्राइव्हवर टाकायच्या आहेत, हर्षलले सांगतलं, तो दुसऱ्या कोणाले पाठवेल. मग म्हणाले, "तू ते गायब म्हटलं होतं नं... शब्द चांगला होता तो." अन् फोन ठेवला.

काल मेडिकल होतं. पप्पा सोबत आले. आधी डोळे, मग वजन, मग रक्त, मग कान. एक डॉक्टर मॅडम होती, चांगली होती, सावळी, केसात पेन खोचलेला. म्हणे, "बेटा, दीवार की तरफ मुँह. लेफ्ट बंद करो, अच्छे से." मी दाबलं, बिनधास्त. "छत्तीस." "छत्तीस." "इकसठ." "इकसठ." "बढ़िया. अब राइट." मी बोट ठेवलं. नख पांढरं, मनगट कडक, कोपर वर. आत ढिलं. "बयालीस." एकदम साफ आलं, मॅडमच्या बांगडीचा आवाजही आला. म्हटलं, "बयालीस." "पंद्रह." "पंद्रह." अन् पायल, मले कळत होतं की झालं, एक-दोन आकडे आणखी अन् सुटली. अन् तेव्हा माह्या मनात आलं, दाबून पाहू. चांगुलपणा-बिंगुलपणा काही नव्हता, शील-बील काही आठवलं नाही. जसं दुखरा दात जिभेनं दाबून पाहतो, तसं. मी दाबलं. पूर्ण.

अन् सगळं गेलं. समोर भिंत, हिरवा ऑइल पेंट, एक पोपडा निघालेला, त्याच्या मागं जुना पिवळा रंग. बस. मी उभी राहिली. एक सेकंद असंल, दहा असंल. मॅडम आकडा बोलली की नाही? माहीत नाही. ती मागं आहे की निघून गेली? माहीत नाही. दार उघडलं असंल, कोणी आलं असंल. माह्या पाठीमागं काय चालू आहे ते मले काहीच माहीत नव्हतं, अन् सगळ्यात वाईट म्हंजे ते मले एकदम आरामाचं वाटून राहिलं होतं, घरच्यासारखं, उजव्या कुशीवर झोपल्यासारखं. तिथं मी पहिल्यांदा भ्याली. यार्डात असंच वाटंल मले. आराम वाटंल. मी वळली. मॅडम तिथंच होती, ओठ अर्धे उघडे, म्हंजे बोलली होती काहीतरी. मी बोट काढलं, डाव्या कानावर ठेवलं अन् म्हटलं, "मैडम, इस कान से मुझे कुछ सुनाई नहीं देता. बचपन से." तिनं केसातला पेन काढला. "अभी तो दो नंबर बताए तुमने." म्हटलं, "उंगली ढीली रखी थी." मग म्हणे, "बेटा, ये बोलता कौन है?" तिनं दोन्ही कान नळी घालून पाह्यले, कुठंतरी मशीनवरच्या टेस्टले लिहून दिलं, पण सरळच सांगतलं, या पोस्टले नाही होणार, दुसरी पोस्ट मिळंलच असंही नाही, लिस्ट सोमवारी लागंल.

मी बाहेर आली. पप्पा बेंचवर माही फाइल मांडीवर घेऊन बसले होते, पाण्याची बाटली बाजूले. मले पाहून उठले. तोंडानं नाही विचारलं, फक्त भुवया वर केल्या. मग म्हणाले, "फिट?" अन् मी म्हटलं, "हाव." असं निघून गेलं. पप्पानं डोळे पुसले, मग चश्मा पुसला, मग तिथंच आजीले फोन लावला, इतक्या मोठ्यानं की लाइनीतले लोक वळून पाहू लागले. "माय, पोरगी फिट आहे! हाव, एकदम फिट!" परत येताना गाडीत जागा मिळाली तं त्याईनं मले खिडकीशी बसवलं अन् स्वतः उजव्या बाजूले बसले. चरोद्यापर्यंत बोलत होते. क्वार्टरचा अर्ज कसा लिहायचा, कोणाच्या सहीले किती दिवस लागते, मागच्या खोलीले रंग कोणता द्यायचा. अन् मधातच थांबून म्हणाले, "मित्रा, मी तुले जे शिकवलं नं, ते चांगलं नाही शिकवलं. मले माहीत आहे. पण कामात आलं."

आज आजीनं विहारात खीर वाटली. प्रफुलनं स्टेटस टाकला, तू पाह्यला असशील. उद्या इतवार, परवा लिस्ट. पप्पा स्वतः जाणार आहे लिस्ट पाहायले, मी नको म्हटलं तरी. आज सांगतलं तं त्याईले कळंल की पोरगी कानामुळं नाही पडली, आपण शिकवलेलं सोडून खरं बोलली म्हणून पडली. त्या माणसानं पस्तीस वर्षांत एकदाच यार्डाशी बेइमानी केली, माह्यासाठी, अन् मी ती वापरलीच नाही. अन् नाही सांगतलं तं ते परवा नोटीस बोर्डासमोर उभे राहतील, चश्मा वर करून, बोटानं एक-एक नाव खाली सरकत. जी मॅडम मले ओळखतही नाही तिले मी खरं सांगतलं अन् पप्पाले खोटं. उलटं केलं असतं तं क्वार्टर वाचलं असतं, हेही मले दिसते, मी काही बावळी नाही. पण आता ते घरी बसून रंगाचं कार्ड पाहून राहिले असतील. हे पाहा, त्याईचाच फोन येऊन राहिला, दुसऱ्यांदा.

नाही, तू खा, मले नको. तू फक्त एवढं सांग पायल, तू असती तं हा फोन उचलून काय म्हटलं असतं?